वाहतुकीची वर्दी आणि नभोवाणी



जालन्याच्या एमआयडीसीतून लोखंडी सळ्या भरून,
मागे डोकावणाऱ्या टोकांना लाल फडके बांधून,
समृद्धी महामार्गाकडे निघालेल्या ट्रकचालकाला,
पुढचा मार्ग मोकळा आहे की नाही,
हे आज बहुधा मोबाईलच सांगतो.

आणि तो ते चोख सांगतो.
रस्त्यावरील असंख्य मोबाईलांच्या गतीवरून त्याला कोंडी तत्काळ कळते.
नभोवाणीच्या निवेदकापर्यंत वर्दी पोहोचेतो
ती कोंडी कधी सुटलेलीही असते.

मग नभोवाणीची उपयुक्तता संपली काय?
माझ्या मते, मुळीच नाही.

पुराने पूल पाण्याखाली गेला,
किंवा मिरवणुकीच्या बंदोबस्तासाठी
जिल्हा प्रशासनाच्या हुकुमाने जड वाहने वळवली,
तर नकाशावरची लाल रेघ पुरत नाही;
कारण, मुदत आणि पर्यायी मार्ग
स्पष्ट शब्दांत कानी पडावे लागतात.

शिवाय नभोवाणी ऐकताना नजर रस्त्यावरच राहते.
वाहन चालवताना मोबाईल हाती धरून बोलणे हा कायद्याने गुन्हा आहे.

पुन्हा सांगतो, श्रोतेहो:
क्षणाक्षणाच्या कोंडीसाठी मोबाईल,
आगाऊ इशाऱ्यासाठी नभोवाणी.

म्हणूनच अशा सूचना,
माल भरून, ताडपत्री आवळून ट्रक फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच,
संध्याकाळच्या प्रसारणात दिल्या जाव्यात,
अशी माझी मनापासून विनंती आहे.