आठ मुलांचा गटनायक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



येत्या मे महिन्यात आपले मंडळ मुलांसाठी पाच दिवसांचे निवासी शिबिर भरवीत आहे. त्यासाठी गटनायक हवे आहेत. परंतु ‘आम्हांला अनुभव नाही’ असे म्हणून आपले तरुण मागे सरतात. आजचे चार शब्द मुख्यतः त्यांच्यासाठी आहेत. १९९० साली, या शहराचे नाव अद्याप मद्रास असताना आणि आम्ही बी. ए.च्या वर्गात शिकत असताना, एका ख्रिस्ती संस्थेच्या उन्हाळी शिबिरात आम्ही प्रथमच गटनायक झालो. अनुभव आमच्याही गाठीशी नव्हता.

अशा शिबिरांची परंपरा जुनी आहे. जॉर्ज विल्यम्स यांनी १८४४ साली लंडनमध्ये वाय. एम. सी. ए. ही संस्था स्थापिली. अमेरिकेतील तिचे एक कार्यकर्ते सम्नर डडली हे १८८५ साली सात मुलांना घेऊन न्यूयॉर्क राज्यातील ऑरेंज सरोवराकाठी मुक्कामास राहिले. संस्थेच्या मुलांच्या शिबिरांचा तो आरंभ मानला जातो. आपल्या शहराशीही या संस्थेचे नाते निकटचे आहे. तिचे नंदनम येथील शारीरिक शिक्षण महाविद्यालय हॅरी क्रो बक यांनी १९२० साली सुरू केले. डडली यांच्या सात मुलांचा आकडा आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. शंभर मुलांपुढे व्याख्यान देता येते. पण रात्री कोण उपाशी निजले, हे शंभरांत कळत नाही. सात-आठांत ते कळल्यावाचून राहत नाही.

आमच्या वाट्याला नऊ ते अकरा वर्षांची आठ मुले आली. दिवस अग्निनक्षत्राचे होते. प्रवचन अथवा वर्ग आमच्याकडे नव्हता. पहाटे मुलांना उठविणे, आंघोळीच्या रांगेतील भांडणे मिटविणे, दुपारी त्यांना सावलीत ठेवणे, वारंवार पाणी पाजणे, दिवसातून अनेकदा डोकी मोजणे आणि रात्री त्यांच्याच ओळीत चटई टाकून निजणे, एवढेच आमचे काम. हे काम विद्वत्तेचे नाही, हजेरीचे आहे.

दुसऱ्या रात्री एक तेलुगू मुलगा मुसमुसू लागला. आईची आठवण अनावर झाली होती. शिबिरप्रमुख वयोवृद्ध होते. ते आम्हांला हळूच म्हणाले, “त्याला गप्प करू नका आणि उद्या घरी पाठवतो असेही सांगू नका. सकाळचे एखादे काम त्याच्या हाती द्या.” आम्ही त्याच्याजवळ बसून राहिलो आणि पहाटेची घंटा वाजविण्याचे काम त्याच्यावर सोपविले. आठवण दाटून येते ती रिकाम्या वेळी, विशेषतः रात्री. ज्याला उद्याचे काम आहे, त्याची रात्र थोडी लहान होते. पहाटे त्यानेच आम्हांला हलवून जागे केले. त्यानंतरही तो एकदा रडला. परंतु शिबिर सोडून गेला नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनातील प्रश्न आम्ही जाणतो. ख्रिस्ती शिबिरात हिंदू तरुणाने काय करावे? आम्ही आपली श्रद्धा आधीच प्रमुखांना सांगितली होती. प्रार्थनेच्या वेळी आम्ही शांत उभे राहत असू. अधिक काही कोणी मागितले नाही. मूल घरापासून दूर असते, तेव्हा त्याचे मन फार मऊ असते. त्या मऊपणाचा उपयोग आपल्या मताच्या प्रसारासाठी, मग ते मत कोणतेही असो, गटनायकाने करू नये. आईबापांनी मूल विश्वासाने सोपविलेले असते.

याचे थोर उदाहरण आपल्याच मराठी इतिहासात आहे. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे लहानपणी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढले. १७९३ साली त्यांना मद्रासला आणण्यात आले आणि येथेही त्यांचे शिक्षण झाले. १७९८ साली श्वार्ट्झ निवर्तले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. राजे हिंदूच राहिले. पण मृत्युशय्येवरील गुरूला भेटणाऱ्या शिष्याचे संगमरवरी शिल्प त्यांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतले. तंजावरच्या चर्चमध्ये ते आजही पाहावयास मिळते. धर्म भिन्न राहूनही ऋण मान्य करता येते, याची ती साक्ष आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपली नातवंडे मराठी समजतात, पण उत्तर तमिळमध्ये किंवा इंग्रजीत देतात. आठवड्याच्या एका तासाने हे बदलेल असे आम्हांला वाटत नाही. भाषा जिभेवर येते ती आंघोळीच्या रांगेत, ताटावरच्या थट्टेत आणि दिवे मालवल्यावरच्या गप्पांत. त्या वेळी मुलांजवळ मराठी बोलणारा कोणी दादा किंवा ताई नसेल, तर पाच दिवसांचे शिबिर म्हणजे नुसती सहल होईल.

म्हणून तरुणांनो, शिबिराच्या यादीत नाव घाला. आठ मुलांची नावे पहिल्याच दिवशी पाठ करा, त्यांच्या आधी उठा आणि त्यांच्या नंतर निजा. बाकीचे ती मुलेच तुम्हांला शिकवतील. पालकांनाही विनंती आहे की, त्यांनी पाच दिवस काळजी थोडी आवरावी आणि मुले आमच्या हवाली करावीत.