हातात सुई, कानात शब्द
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

ज्यांच्यासमोर आजही उभे राहताना पाय आपोआप जुळतात ते आपले सर आणि बाई, आणि १९८४ च्या दहावीच्या माझ्या सर्व वर्गमित्र-मैत्रिणींनो,

प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी दहा मिनिटे बोलायचे असे समितीने ठरवले, तेव्हा यादीत डॉक्टर होते, बँकेतले अधिकारी होते, द्राक्षबागाईतदार होते, एसटीतून निवृत्त झालेले आपले दोन मित्र होते. माझ्या नावापुढे काय लिहायचे, असे फोनवर विचारले गेले. मी म्हटले, "गृहिणी लिहा." "मग बोलणार कशावर?" "कामावरच की!" त्यामुळे आज मी घर चालवण्याच्या कामावर बोलणार आहे. आमचे घर ख्रिस्ती आहे, म्हणून ख्रिस्ती घरावर बोलेन. पण यातले बरेचसे तुमच्याही घरचे निघेल, अशी माझी खात्री आहे.

ख्रिस्ती घर म्हटले की तुमच्यापैकी अनेकांना डिसेंबरात दारावर लागलेली चांदणी आठवत असेल, केक आठवत असेल आणि नाताळच्या फराळाच्या करंज्या-चकल्यासुद्धा. ते सगळे खरे आहे. पण वर्षाचे उरलेले दिवस ते घर ख्रिस्ती कशाने राहते, हा प्रश्न लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला पडला होता. रोज संध्याकाळी कौटुंबिक उपासना व्हायची, रविवारी मंडळीत जाणे व्हायचे. मधले सगळे तास मात्र भांडी, भाकरी, दूध आणि धुणे यांतच जायचे. त्या तासांचे काय?

पवित्र शास्त्रात लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरीया या दोन बहिणींची गोष्ट आहे. प्रभू येशू त्यांच्या घरी येतो. मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते, मार्था पाहुणचारात गुंतलेली असते आणि बहिणीबद्दल तक्रार करते. प्रभू मरीयेची बाजू घेतो. घर सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईच्या मनात ही गोष्ट वाचताना एकदा तरी येतेच की, मार्था उठली नसती तर जेवण कोणी वाढले असते? मी अनेक वर्षे या प्रश्नाशी अडून होते. त्याचे उत्तर मला प्रवचनात सापडले नाही. ते गोधडी शिवताना सापडले.

आमच्या सासूबाईंना काचबिंदूने हळूहळू दिसेनासे झाले होते. त्यात खुब्याचे हाड मोडले आणि त्या अंथरुणाला खिळल्या. दोन वर्षे. त्या मुळात अबोल. आमच्यात भांडण कधी झाले नाही, पण गप्पाही कधी झाल्या नाहीत. आता दिवसभर आम्ही दोघीच घरात. औषध, जेवण, कूस बदलणे एवढीच बोलणी. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यावा इतके घर शांत असायचे आणि ती शांतता चांगली नव्हती. त्यांनी जेवण कमी केले होते. "आता कशाला," एवढेच म्हणायच्या.

एका दुपारी मी त्यांच्या खाटेशेजारी गोधडी अंथरली. जुनी सुती लुगडी त्यांच्याच पेटीतली होती. गोधडीची रीत तुम्हाला माहीत आहे. खळ निघून मऊ झालेली लुगडी एकावर एक पसरायची, सुरकुत्या हाताने मधून कडेला काढायच्या, मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायचे आणि मग कडेपासून आत आत जात धावदोरा घालायचा. आपल्या शिवणाच्या बाईंनी कार्यानुभवाच्या तासाला वीतभर कापडावर जो धावदोरा आपल्याकडून दहा दहा वेळा उसवून घेतला होता, तोच. बाई आज समोर बसल्या आहेत, म्हणून सांगते, टाका अजून सरळ येतो.

सासूबाईंना दिसत नव्हते, पण त्यांनी हात पुढे केला. काठावरून बोटे फिरवली आणि म्हणाल्या, "हे इरकली. तुझ्या सासऱ्यांनी आणलेलं." दुसरे चाचपले. "हे बहात्तरच्या दुष्काळातलं. हे नेसून खडी फोडली मी." पंचवीस वर्षे एका घरात राहून हे मला माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून त्यात पुस्तक आले. त्यासाठी मुलीला कामाला लावले. ती कॉलेजातून आली की अर्धा तास मोठ्याने वाचायची, मी शिवायची, सासूबाई ऐकायच्या. ती नसली की मी दहा टाके घालायची आणि एक पान वाचायची.

पहिले पुस्तक होते लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झाले. आपल्या नगरचा त्या घराशी जवळचा संबंध आहे, हे इथे सांगायला नको. लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या, नवऱ्याच्या लहरीपणामुळे संसाराची घडी कधी नीट बसली नाही. रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांना केवढा धक्का बसला, आणि पुढे त्या स्वतः किती सावकाश, आपल्याच विचाराने जातिभेदातून बाहेर आल्या, हे सगळे त्या हसत हसत सांगतात. त्यांच्या घरात अनाथ मुले वाढली, आजारी माणसे राहिली, बालकवी ठोंबरे राहिले. पैसा नसे, पण पानाला माणूस असे. सासूबाई ते ऐकून खुदकन हसायच्या. मी त्यांना हसताना फारसे पाहिले नव्हते. काही ठिकाणी "थांब" म्हणायच्या आणि स्वतःचे काही सांगायच्या. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी मुलांसाठी पदरात बांधून कशी आणायची, ते त्यांनी असेच एका पानावर थांबवून सांगितले.

दुसरे वाचन पंडिता रमाबाईंविषयी होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुली आणि विधवा यांना त्यांनी नुसता आसरा दिला नाही. विणकाम, शिवणकाम, शेती, छपाई अशी कामे शिकवली. साध्या बायकांनाही समजावे म्हणून सोप्या मराठीत त्यांनी पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळवणारे हात तिथल्या बायकांचे होते. म्हणजे एकाच आवारात पुस्तकही तयार होत होते आणि कापडही. मला हे फार मोलाचे वाटते. वाचणे हे शहाण्यांचे आणि हातकाम हे बिनशिकलेल्यांचे, अशी वाटणी त्या बाईंनी मान्यच केली नाही.

इंग्रजी पुस्तकेही आहेत. एडिथ शेफर यांचे घरातल्या लपलेल्या कलेविषयीचे पुस्तक १९७१ मध्ये आले. त्या नवऱ्याबरोबर स्वित्झर्लंडमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी घर उघडे ठेवून राहत. त्यांचे म्हणणे असे की देव निर्माता आहे, म्हणून ताट वाढण्यात, पत्र लिहिण्यात, चार फुले ठेवण्यातही माणसाने काही निर्माण करावे. त्यासाठी चित्रकार असावे लागत नाही. हे मला पटते. फक्त त्यांचे डोंगर आणि मेणबत्त्या आपल्या ओट्यावर आणायची गरज नाही. आपल्याकडे गोधडी आहे, दारापुढची तुळस-गुलबक्षी आहे, कामट्या आणि पतंगाचा कागद आहे.

कामट्यांवरून चांदणीची गोष्ट सांगते. पाच कामट्या एकमेकींवर आडव्या-तिडव्या बांधल्या की पाच टोकांची चांदणी होते. अशा दोन करायच्या, टोकांना टोके बांधायची आणि आतल्या पाच जोडांवर चार बोटे लांबीचे पाच तुकडे उभे अडकवायचे. चांदणी लगेच फुगते. मग खळीने कागद चिकटवायचा आणि आत दिवा सोडायचा. आमच्या गल्लीत दिवाळीच्या आकाशकंदिलातून उरलेल्या कामट्या शेजारची मुले आमच्याकडे आणून देतात आणि नाताळाआधी आगमनकाळाच्या रविवारी आमच्याच ओसरीवर बसून चांदणी करतात. आधी आमच्या मुली दिवाळीला त्यांच्याकडे जाऊन कागद चिकटवून आलेल्या असतात. बाजारात प्लॅस्टिकची चांदणी स्वस्तात मिळते. ती टांगायला पाच मिनिटे लागतात आणि त्यासाठी कोणालाही घरी बोलवावे लागत नाही. माझ्या मते तिच्यातली उणीव तीच आहे.

गोधडी चार महिन्यांनी पूर्ण झाली. मला ती घरात ठेवायची होती. एवढ्या आठवणी तिच्यात शिवलेल्या! पण त्याच सुमारास शेजारच्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. सासूबाई म्हणाल्या, "बाळाला दे." मी गप्प राहिले. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, तरी कळले असावे. म्हणाल्या, "ठेवायचीच होती तर पेटीत लुगडी काय वाईट होती?"

मी गोधडी देऊन आले.

नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात सद्गुणी गृहिणीचे वर्णन आहे. ती लोकर आणि ताग घेऊन हौसेने काम करते आणि तेच हात गरिबापुढे उघडते. प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावच्या टबीथेची गोष्ट आहे. ती वारली तेव्हा गावातल्या विधवा रडत रडत पेत्राला काय दाखवतात? तिने शिवलेले कपडे. तिचे एकही वाक्य तिथे नोंदलेले नाही. या दोघींकडे पाहून मला कळले की हातकामाने घर सजवणे हा अर्धाच भाग आहे. ते काम शेवटी उंबरठ्याबाहेर जायला हवे.

आणि मार्था-मरीयेचे म्हणाल, तर त्या दुपारी आमच्या खोलीत दोघी एकत्र बसल्या होत्या. हात मार्थेचे होते, कान मरीयेचे. सासूबाई पुढे वर्षभर होत्या. त्या वर्षात त्या दोन वेळा जेवल्या, बोलल्या, आणखी दोन गोधड्यांचे काठ त्यांनी बोटांनी पसंत केले. शेवटपर्यंत "आता कशाला" हे शब्द पुन्हा ऐकू आले नाहीत.

मित्रमैत्रिणींनो, आपण सगळे आता साठीच्या आसपास आहोत. कोणाची मुले परदेशी आहेत, कोणाच्या घरी अंथरुणावरचे माणूस आहे, कोणी एकटेच आहे. टीव्ही चालू असतो आणि घर तरीही गप्प असते. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. एक पुस्तक घ्या, तुमच्या श्रद्धेचे, तुमच्या आवडीचे, आणि ते मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी द्या, शेंगा सोलायला द्या, वाती वळायला द्या, लोकर गुंडाळायला द्या. हात कामात असले की माणूस मनातले बोलतो, कारण त्याला समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. आणि जे तयार होईल ते कोणाला तरी देऊन टाका.

पुरुष मंडळींनाही हे लागू आहे. टाका तुमच्याकडूनही उसवून घेतला होता बाईंनी!

ज्या शाळेने मला पुस्तकाचे कपाट आणि सुई-दोरा एकाच वर्गात दाखवला, त्या शाळेची आणि समोर बसलेल्या माझ्या सर्व गुरुजनांची मी ऋणी आहे. प्रभू तुम्हा सर्वांना आणि तुमच्या घरादाराला आशीर्वाद देवो.