पिस्तुलाचा खेळ आणि त्याची शिस्त
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



परदेशी राहणारी बाई आली, की तिने तिकडच्या स्वयंपाकघराविषयी किंवा मुलांच्या शाळांविषयी सांगावे अशी आपली अपेक्षा असते. म्हणून चिटणीसबाईंना मी माझा विषय ‘पिस्तुलाचे सामने’ असा कळवला, तेव्हा त्यांनी तो पुन्हा एकदा विचारून घेतला. त्यांना वाटलेले आश्चर्य मी समजू शकते. मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहते आणि तिथे महिन्यातला एक रविवार ह्या सामन्यांच्या कामात घालवते. मी स्वतः नेम मारते, पण त्याहून अधिक वेळ सामना नीट पार पडावा म्हणून खपते. त्या कामाविषयीच मला आज मुख्यतः बोलावयाचे आहे.

नेमबाजी म्हटली, की आपल्याला अंजली भागवत आठवतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आठवतात, ज्यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक विजेतेपद मिळवले. राही सरनोबत आठवतात, ज्यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. त्यांचा खेळ म्हणजे एका जागी उभे राहून, श्वास आवरून, ठरावीक अंतरावरील वर्तुळाचा मध्य गाठणे. मी सांगते आहे तो खेळ ह्याचा चुलतभाऊ म्हणता येईल. ह्यात खेळाडू धावतो, वाकतो, खिडकीतून डोकावतो आणि लक्ष्ये वेगवेगळ्या अंतरांवर, काही झाकलेली, काही हलती असतात. इंग्रजीत ह्याला ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ म्हणतात. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतील मिसूरी राज्यात, कोलंबिया ह्या गावी स्थापन झाली. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. आता हा खेळ अनेक देशांत चालतो. २०१७ चे जागतिक सामने फ्रान्समध्ये झाले, तर २०२२ चे थायलंडमध्ये.

ह्या खेळाचे ब्रीद तीन लॅटिन शब्दांत आहे. अचूकता, जोर आणि वेग असा त्यांचा अर्थ. गुणांची पद्धतही तशीच आहे. पुठ्ठ्याच्या प्रत्येक लक्ष्यावर बहुधा दोन गोळ्या मारावयाच्या असतात. मधल्या भागाला ५ गुण, त्याच्या बाहेर कमी. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागावयाचे. समजा, सहा लक्ष्ये आहेत. एकीने सगळ्या बारा गोळ्या मध्यावर मारल्या, ६० गुण झाले, पण १२ सेकंद लागले. भागाकार ५. दुसरीने घाई केली, ५० च गुण मिळाले, पण ८ सेकंदांत. तिचा भागाकार सव्वासहा, म्हणजे ती पुढे. आता तिसरी पाहा. तिनेही ८ च सेकंद घेतले, परंतु दोन गोळ्या लक्ष्याला लागल्याच नाहीत. चुकलेल्या गोळीला १० गुण वजा होतात. दहा गोळ्यांचे ५० मिळाले, त्यांतून २० गेले, उरले ३० आणि भागाकार पावणेचार. कुठे घाई करावी आणि कुठे थांबावे, हे जिला कळले तिला हा खेळ आला. काही पुठ्ठे तर ‘मारू नये’ अशा खुणेचे, मुद्दाम मध्ये उभे केलेले असतात. त्यांना गोळी लागली तरी १० गुण जातात.

आता सामना भरवण्याविषयी. आपण हळदीकुंकवाचा समारंभ करतो, तेव्हा पाहुण्या येण्याआधी किती हात राबतात ते आपल्याला ठाऊक आहे. तिथेही तसेच. आदल्या दिवशी आठ-दहा माणसे मैदानावर जमतात. तीन बाजूंना मातीचे उंच बांध असलेले चौक असतात. कागदावर आधी काढून ठेवलेल्या आकृतीप्रमाणे त्यांत लाकडी चौकटी, जाळीच्या भिंती आणि पुठ्ठे उभे करावयाचे. खेळाडूने ओलांडू नये म्हणून जमिनीवर पट्ट्या ठोकावयाच्या. मग एक जण प्रत्येक जागी जाऊन उभा राहतो. उंच माणूस इथे उभा राहिला तर गोळी बांधावरून तर जाणार नाही ना? बुटका वाकला तर? लोखंडी पाट्या सात मीटरांच्या आत तर येत नाहीत ना? कारण जवळून गोळी मारली तर तुकडे उलटून अंगावर येतात. असे शंभर प्रश्न विचारून झाले, की मगच तो चौक तयार झाला असे समजतात.

सामन्याच्या दिवशी खेळाडूंच्या दहा-बारा जणांच्या टोळ्या पाडतात. एक खेळतो आणि बाकीचे काम करतात. एकाची पाळी संपली, की गुण मोजावयाचे, भोकांवर चिकटपट्ट्या लावावयाच्या, पाडलेल्या पाट्या पुन्हा उभ्या करावयाच्या. गुण लिहून होण्यापूर्वी कुणी पट्टी लावली तर सगळा घोटाळा. म्हणून तिथेही एक बाई सांगते, “आधी लिहू दे, मग लाव.” ह्या टोळीत डॉक्टर असतो, ट्रकचा चालक असतो, निवृत्त शिक्षिका असते. चिकटपट्टीचा रोल सगळ्यांच्या हातात सारखाच. जो नुसता खेळून गाडीकडे जातो आणि पट्ट्या लावत नाही, तो सर्वांच्या लक्षात राहतो. अशी माणसे सगळ्याच मंडळांत असतात, आपणही एखादीला ओळखत असाल.

मी ह्या कामात शिरले ती गुण लिहिण्याच्या निमित्ताने. यजमान खेळावयाचे आणि मी सोबत जात असे. अक्षर बरे आणि बेरीज पक्की, म्हणून माझ्या हाती पाटी आली. आता कागद जाऊन विजेवर चालणारी पाटी आली आहे, पण काम तेच. पुढे मी रेंज ऑफिसरचे शिक्षण घेतले, म्हणजे खेळाडूच्या मागे उभे राहून खेळ चालवणाऱ्याचे. नियमांचे पुस्तक वाचावयाचे, लेखी परीक्षा द्यावयाची आणि मैदानावर हुकूम देऊन दाखवावयाचे.

हे हुकूम ठरलेले आहेत. त्यांत एक शब्द इकडचा तिकडे करावयाचा नाही. मैदानावर कुणाचेही पिस्तूल भरलेले नसते. ऑफिसरने ‘तयार व्हा’ म्हटल्यावरच ते कमरेच्या पाकिटातून बाहेर येते आणि भरले जाते. मग ‘तयार आहात?’ असा प्रश्न, मग ‘सज्ज’, आणि मग हातातल्या घड्याळाचा तीव्र आवाज. तेच घड्याळ शेवटच्या गोळीच्या आवाजावरून वेळ सांगते. खेळ संपला, की पिस्तूल रिकामे करून दाखवावयाचे, चाप ओढून खात्री करावयाची आणि ते पाकिटात ठेवावयाचे. ‘मैदान मोकळे’ असे ऑफिसर म्हणेपर्यंत कुणाचे पाऊल पुढे पडत नाही. ऑफिसरने ह्या सगळ्या वेळात लक्ष्यांकडे बघावयाचे नसते. तिची नजर पिस्तुलावर आणि चापाजवळच्या बोटावर असते. गुण लिहिणारी त्याचे पाय पट्टीबाहेर जातात का ते बघते.

काही गोष्टींना क्षमा नाही. पिस्तूल हातातून पडले, धावताना बोट चापावर राहिले, नळी कल्पनेतल्या सरळ रेषेच्या मागे, म्हणजे माणसांच्या बाजूला वळली, की त्या खेळाडूचा दिवस संपला. त्या चौकापुरता नव्हे, संपूर्ण सामन्यापुरता. कुणाला इजा झाली का, हा प्रश्नच विचारीत नाहीत. इजा होण्याच्या कितीतरी आधी थांबवण्यासाठीच तो नियम आहे.

एका शरद ऋतूतील सामन्यात असे झाले. आमच्या क्लबातले एक वयस्क गृहस्थ त्या दिवशी सर्वांच्या पुढे होते. त्या मैदानाचे बांध घालण्यात त्यांचा स्वतःचा हात होता आणि मला पहिल्यांदा पिस्तूल कसे धरावे ते त्यांनीच दाखवले होते. उजवीकडून डावीकडे धावताना ते मॅगझीन बदलीत होते आणि तेवढ्यात नळी मागे वळली. मी ‘स्टॉप’ म्हणाले. ते जागच्या जागी थांबले. पिस्तूल रिकामे करून घेतले आणि सामन्याच्या मुख्य अधिकाऱ्यांना बोलावले. टोळीतले कुणी म्हणाले, “अहो, मॅगझीन तर बाहेर होते.” परंतु नियमात भरलेले आणि रिकामे असा भेद नाही. मुख्य अधिकाऱ्यांनी माझे आणि गुण लिहिणारीचे, दोघींचे ऐकून घेतले आणि निर्णय कायम केला. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. पिस्तूल पिशवीत घालून गाडीत ठेवून आले आणि दुपारपर्यंत पुढच्या चौकांत पट्ट्या लावीत राहिले. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा माझ्या पोटात अन्न जाईना. तरी त्या शब्दाबद्दल मला शंका नव्हती.

भगिनींनो, मला सांगावयाचे आहे ते हेच. आपण बायका घरात ‘नको’, ‘पुरे’, ‘थांबा’ हे शब्द किती जपून वापरतो! कुणाला काय वाटेल, मोठे माणूस आहे, उपकार केलेले आहेत, आजचा दिवस तरी राहू द्यावे. आणि ‘थांबा’ म्हटले तर कुणी थांबेलच ह्याचा भरवसा नसतो. तिथे माझ्यासारख्या साधारण उंचीच्या, बोलण्यात मराठी हेल असलेल्या बाईने एक शब्द उच्चारला आणि सहा फुटी माणूस थांबला. तो मला घाबरून थांबला नाही. आम्ही दोघांनी एकच नियम आधी मान्य केला होता म्हणून तो थांबला. बाईच्या शब्दाला वजन येते ते असे. त्यासाठी नियम आधी, सगळ्यांसमोर, शांतपणे ठरलेला असावा लागतो आणि वेळ आली की तो आपल्या माणसालाही लावावा लागतो.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या बोलण्याचा विपर्यास होईल. पिस्तूल घरात असले की घर सुरक्षित होते, असे मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकेत २०२१ ह्या एका वर्षात ४८ हजारांहून अधिक माणसे बंदुकीच्या गोळीने मेली आणि त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. दुःखाच्या एका रात्री हाताशी पिस्तूल असणे किती भयंकर, ते ह्यावरून समजावे. आमच्या घरी ते पोलादी कपाटात कुलपात असते, गोळ्या निराळ्या कुलपात असतात आणि सामन्याखेरीज ते बाहेर निघत नाही. आपल्या देशात तर १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि परवान्यावाचून पिस्तूल बाळगता येत नाही. ते योग्यच आहे. आपल्या मुलीबाळींपैकी कुणाला नेमबाजीची आवड असेल, तर तिला हवेच्या दाबावर चालणाऱ्या पिस्तुलाने किंवा रायफलीने, शिकवणाऱ्या क्लबात सुरुवात करू द्यावी. आपल्या नावाजलेल्या मुली अशाच शिकत पुढे गेल्या. सोबत जाणाऱ्या आईने कानांवर झाकणे आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय रेंजजवळ उभे राहू नये. आणि परत आल्यावर मुलीने हात धुतल्यावाचून खाऊला हात लावू नये, कारण छर्ऱ्यांत आणि गोळ्यांत शिसे असते.

आपल्या मंडळात पिस्तूल येणार नाही आणि यावे अशी माझी इच्छाही नाही. परंतु पाळीपाळीने काम, हिशेब दोघींच्या नजरेखाली आणि नियम अध्यक्षाबाईंपासून नव्या सभासदेपर्यंत एकच, ह्या तीन गोष्टी कोणत्याही मंडळाच्या उपयोगी पडतात. आपण त्या इतकी वर्षे सांभाळल्यात, म्हणून हा वर्धापनदिन साजरा होतो आहे. पुढील वर्षीही तो असाच आनंदाने साजरा होवो.