विकेंद्रित वीज आणि तारांचा खर्च



विकेंद्रीकरण हा शब्द समाजवादी चळवळीला नवा नाही. त्यामुळे घरांच्या छतांवर आणि गावांच्या गायरानांवर वीज तयार होऊ लागलेली पाहिली, की आपले काम यंत्रानेच परस्पर करून टाकले असे वाटण्याचा मोह होतो. हा मोह आवरला पाहिजे. वीज कोठे तयार होते हा एक प्रश्न आहे; तिची मालकी कोणाची आणि ती वाहून नेणाऱ्या तारांचा खर्च कोणी सोसायचा, हे निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून बाकीच्यांचे आपोआप मिळत नाही.

१९४३ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विजेच्या धोरणाची चर्चा सुरू करताना मालकीचा प्रश्न अग्रभागी ठेवला होता. पुढे १९४८ चा वीजपुरवठा कायदा आला आणि त्याखाली राज्यांची वीज मंडळे उभी राहिली. महाराष्ट्राचे मंडळ १९६० मधले. त्याची सारी घडण एका गृहीतावर झाली होती : कोयना, कोराडी, चंद्रपूर अशा मोजक्या ठिकाणी वीज निर्माण व्हावी आणि उपकेंद्र, वाहिनी, रोहित्र अशी पायरीपायरीने ती घराघरांत उतरावी. २००३ च्या कायद्यानंतर २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाले, निर्मिती आणि पारेषण वेगळे काढले गेले, आणि महावितरणच्या वाट्याला गिऱ्हाईक, खांब, तारा व थकबाकी एवढे आले. आज हे गिऱ्हाईक सुमारे तीन कोटींच्या घरात आहे.

या कंपनीचा जमाखर्च समजून घेतल्याशिवाय पुढचा प्रश्न कळणार नाही. तारा, रोहित्रे, वायरमनचे पगार, जुने वीजखरेदी करार यांचा खर्च एक युनिट विकले काय आणि हजार विकले काय, फारसा बदलत नाही. पण हा खर्च वसूल होतो तो बव्हंशी युनिटच्या दरातून. शिवाय कारखाने, दुकाने आणि अधिक वीज वापरणारी घरे खर्चापेक्षा जास्त दर देतात, आणि त्या आधारावर शंभर युनिटांच्या आतले घर व शेतीपंप यांना स्वस्त वीज मिळते. कायद्याच्या परिभाषेत याला क्रॉस सबसिडी म्हणतात. सामाजिक न्यायाचे हे ओबडधोबड, पण चालू असलेले यंत्र आहे.

आता या यंत्रात छतावरचे सौर पॅनेल आणून ठेवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. असा संच महाराष्ट्राच्या उन्हात महिन्याला साधारण साडेतीनशे युनिटे देतो. महिना तीनशे युनिटे वापरणाऱ्या घराचे बिल त्यामुळे जवळजवळ स्थिर आकारापुरते उरते. त्या घराने तारांशी नाते मात्र तोडलेले नसते. दुपारी जास्तीची वीज ते जाळ्यात ढकलते आणि संध्याकाळी सात वाजता तितकीच परत मागते. वीज गेली तर तेही बहुधा अंधारातच असते. कारण बॅटरी नसलेला साधा संच जाळ्यातला पुरवठा थांबताच स्वतः बंद पडतो, आणि पडलाच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. म्हणजे जाळे त्याला हवे असते, तारांच्या खर्चातला वाटा तेवढा कमी झालेला असतो. उरलेला वाटा मग कोणाच्या बिलात शिरतो? चाळीतल्या भाडेकरूच्या, झोपडपट्टीतल्या मीटरधारकाच्या, आणि चार बिऱ्हाडांनी एक गच्ची वाटून घेतलेल्या कुटुंबाच्या. छत आपल्या मालकीचे असणे ही या नव्या व्यवस्थेत प्रवेशाची पहिली अट आहे, ही गोष्ट जाहिरातींत कोणी सांगत नाही.

याचा अर्थ छतावरच्या सौरविजेला विरोध करावा असा नव्हे. तो विरोध प्रतिगामी ठरेल. २०१९ मध्ये वीज नियामक आयोगाने छतावरील सौर संचांची नियमावली केली. तीत राज्यातील अशी क्षमता ५,००० मेगावॅट होईपर्यंत जाळ्याच्या वापराचा वेगळा आकार लावू नये, असे धोरण ठेवले. रोपटे वाढेपर्यंत कुंपण घालावे, असा त्यातला विचार होता आणि तो योग्य होता. पण तो आकडा आता दूरचा राहिलेला नाही. मोठा बंगला, मॉल, कारखाना यांनी आपल्या संचाच्या क्षमतेनुसार तारांचा खर्च द्यावा, आणि तीन किलोवॅटपर्यंतच्या घराला त्यातून वगळावे, ही मागणी समाजवाद्यांनी स्वतःहून मांडली पाहिजे. ती मांडली नाही तर महावितरण आपल्या तोट्याचा इलाज सरसकट करील, आणि त्यात लहान घरही भरडले जाईल.

शेतीच्या वाहिन्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि अधिक आशादायकही. शेतकऱ्याला आठवड्यातले काही दिवस रात्रीच पाणी द्यावे लागे. साप, बिबट्या, थंडी यांची किंमत कोणत्याही ताळेबंदात धरली जात नसे. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, राळेगणसिद्धी येथे तिचा प्रारंभीचा प्रयोग झाला, आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. उपकेंद्राच्या जवळपास काही मेगावॅटचे प्रकल्प उभारायचे आणि त्यांतून शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज द्यायची, अशी ही रचना आहे. वीज जवळच तयार होते म्हणून वाटेतली गळती घटते. युनिटचा दर तीन रुपयांच्या आसपास पडतो. दाभोळच्या वीजखरेदी कराराने मंडळाला कोठे नेऊन ठेवले होते आणि २००१ मध्ये ती खरेदी कशी थांबवावी लागली, हे आठवणाऱ्यांना इंधनाच्या भावाशी न बांधलेल्या या दराचे मोल वेगळे सांगायला नको. एका सरकारी कंपनीने नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु मालकी पाहा. गायरान सरकारचे किंवा जमीन शेतकऱ्याची. त्या शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरसाल तीन टक्के वाढ. प्रकल्प मात्र निविदा जिंकणाऱ्या कंपन्यांचा, आणि करार पंचवीस वर्षांचा. वीज विकेंद्रित झाली, भांडवल पुन्हा केंद्रितच राहिले. २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेच्या ‘अ’ घटकात पाचशे किलोवॅट ते दोन मेगावॅटचे प्रकल्प सहकारी संस्था आणि ग्रामपंचायतीही उभारू शकतात. ही वाट कागदावर मोकळी आहे. तिच्यावरून चालणारे मात्र थोडे, कारण बँक तारण मागते आणि पंचायतीकडे ते नसते.

सहकाराचे नाव घेताच मुळा-प्रवरेची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९६९ मध्ये नगर जिल्ह्यात स्थापन झालेली ही वीज सहकारी संस्था श्रीरामपूर, राहुरी, राहाता भागातील गावांना वीज पुरवीत असे. संस्थेची धडाडी मोठी होती. पण घाऊक वीज उधार, शेतीपंपांची वसुली ढिली आणि पुढाऱ्यांचा शब्द बिलापेक्षा मोठा, अशा अवस्थेत मंडळाची व नंतर महावितरणची थकबाकी साचत गेली. जानेवारी २०११ अखेर परवाना संपला आणि क्षेत्र महावितरणकडे गेले. सहकारावर निष्ठा असणाऱ्यांनी हा अध्याय झाकून ठेवू नये. सौर प्रकल्पाच्या सहकारी संस्थेपुढे अडचण थोडी निराळी राहील : तिला वीज विकत घ्यायची नाही, महावितरणला विकायची आहे, वसुलीचे ओझे तिच्यावर येत नाही. पण पंचायतीच्या प्रकल्पाचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जाणार नसेल, तर मुळा-प्रवरेची पुनरावृत्ती दुसऱ्या रूपाने होईल.

राहता राहिला सूर्यास्तानंतरचा काळ. दुपारी वीज स्वस्त आणि मुबलक, सायंकाळी टंचाई, हे आता नित्याचे झाले आहे. त्या वेळी कोयनेची १,९६० मेगावॅट क्षमता कामी येते. परंतु पश्चिमेकडे वळवता येणारे पाणी वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांपुरतेच मर्यादित आहे. म्हणून बॅटऱ्या, उदंचन प्रकल्प आणि दुपारी वापर वळवणारे दर लागतील. ही कामे सार्वजनिक कंपनीनेच हाती घेतली पाहिजेत, कारण सर्व भागांचा तोल एकत्र सांभाळणारा दुसरा कोणी नाही. नफ्याचे शहरी विभाग वेगळे काढून खाजगी कंपनीला समांतर परवाना देण्याची कल्पना याच्या नेमकी विरुद्ध जाते. जानेवारी २०२३ मध्ये भांडुप, ठाणे, नवी मुंबईच्या प्रश्नावर वीज कर्मचाऱ्यांनी संप पुकारला तेव्हा अनेक मध्यमवर्गीयांना तो नोकरीचा स्वार्थ वाटला. भांडुपचा कारखाना जो जास्तीचा दर देतो त्यावर मेळघाटातल्या घराचा दिवा अवलंबून असतो, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते.

कार्यकर्त्यांसाठी काम अगदी जवळ आहे. आपल्या तालुक्यातील उपकेंद्रावर जाऊन कोणत्या वाहिन्या सौर झाल्या, प्रकल्प कोणाचा आहे, जमीन कोणाची गेली आणि गायरानावर गुरे चारणाऱ्यांचे काय झाले, याची नोंद करावी. महावितरणची दरवाढीची याचिका येते तेव्हा आयोग हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो. तेथे कारखानदारांचे वकील तयारीनिशी हजर असतात. भाडेकरूंच्या आणि शेतमजुरांच्या वतीने लेखी हरकत मराठीत देता येते, आणि तिच्यासोबत ही तालुक्याची नोंदवही जोडता येते.