दोन वर्गांची तुलना : सरासरीच्या भोवतीही पाहा



निकालाचे दिवस आले की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत सर्वांच्या तोंडी एकच आकडा असतो, तो म्हणजे सरासरी. अमक्या वर्गाची सरासरी अधिक, म्हणून तेथील शिकवणे चांगले. या एका आकड्यावर वर्ग चालू राहतात, बंद पडतात, मदतीचा पैसाही वळवला जातो. तेव्हा सरासरीवर भरवसा ठेवण्यापूर्वी तिच्या भोवती गुण किती विखुरले आहेत हे का पाहावे, एवढाच विषय आज आपल्यापुढे मांडतो.

समजा, ठाण्यात ४० मुलांचा वर्ग आहे आणि कल्याणला १० मुलांची संध्याकाळची अभ्यासिका आहे. गणितात ठाण्याची सरासरी ४८ आणि कल्याणची ५८. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) फरक दहा गुणांचा! कोणीही म्हणेल, अभ्यासिका सर्वत्र सुरू करा. पण प्रमाण विचलन पाहा. ठाण्याचे ८ आहे, कल्याणचे २०. ठाण्यातील बहुतेक मुले ४० ते ५६ गुणांच्या आसपास आहेत. कल्याणला मात्र कोणी ८५ वर, तर कोणी ३० वर.

असा फरक योगायोगाचा की खरा, हे ठरवण्यासाठी टी-चाचणी वापरतात. डब्लिनच्या कारखान्यात काम करणाऱ्या गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ साली तिचा पाया घातला. दोन स्वतंत्र गटांसाठी शिकवली जाणारी तिची नेहमीची रीत असे गृहीत धरते की दोन्ही गटांचे प्रचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, सारखेच आहे. म्हणून ती दोन्ही प्रचरणे एकत्र करते. आपल्या उदाहरणात ती ६४ आणि ४०० आहेत. एकत्र केल्यावर १२७ येतात, कारण ठाण्याची ४० मुले संख्येने भारी पडतात. त्यावरून सरासरींच्या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे ४ निघते. दहाला चाराने भागा, अडीच आले. मर्यादा साधारण २ ची आहे, म्हणून फरक खरा ठरतो.

आता प्रत्येक गटाचे प्रचरण त्याच्याच संख्येने भागू. ४०० भागिले १० म्हणजे ४०. ६४ भागिले ४० म्हणजे १.६. बेरीज ४१.६, वर्गमूळ सुमारे ६.४५. दहाला त्याने भागल्यावर १.५५ येतात आणि येथे मर्यादा सुमारे २.२४ आहे. म्हणजे फरक सिद्ध झालाच नाही! गुण तेच, मुले तीच, फक्त एक गृहीतक बदलले. सिद्ध झाला नाही याचा अर्थ फरक नाही असा नव्हे. दहा मुलांवरून एवढे ठाम सांगता येत नाही, इतकाच. उलट, मोठा गट अधिक विखुरलेला असेल तर खरा फरकही झाकला जातो. दोन्ही गट सारख्या संख्येचे असतील तर मात्र हा धोका बराच कमी होतो.

हा प्रश्न ‘बेहरेन्स-फिशर प्रश्न’ म्हणून ओळखला जातो, आणि त्यात एका मराठी माणसाचा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी लंडनमध्ये संशोधन केले आणि १९३८ साली ‘संख्या’ या नियतकालिकात या चाचणीसाठी कोष्टके दिली. पुढे १९५७ साली बी. व्ही. सुखात्मे यांनी दोन गटांच्या विखुरण्याची तुलना करण्याची चाचणी मांडली. आज अधिक वापरात आहे ती वेल्च यांची रीत. १९३८ व १९४७ च्या त्यांच्या लेखांतून ती आली. वर आपण दुसऱ्यांदा केलेला हिशेब त्याच रीतीचा.

मग तपासायचे कसे? प्रथम दोन्ही गटांचे गुण एका रेषेवर ठिपक्यांनी मांडा. पुष्कळसे डोळ्यांनाच दिसेल. मग प्रमाण विचलने शेजारी लिहा. औपचारिक चाचणी हवी तर लेव्हीन यांची १९६० ची, किंवा मध्यकापासून अंतरे मोजणारी ब्राउन व फोर्साइथ यांची १९७४ ची घ्या. प्रचरणांच्या गुणोत्तराची जुनी चाचणी जपून वापरावी. गुणांची मांडणी घंटाकृती नसेल तर ती चटकन फसते. बॉक्स यांनी १९५३ सालीच हे दाखवले.

तरीही एक इशारा. लहान गटात ही तपासणी ‘फरक आढळला नाही’ म्हणाली, तर प्रचरणे सारखी आहेत असे सिद्ध होत नाही. म्हणून आधी तपासणी व तिच्यावरून पुढची रीत, असे करण्यापेक्षा सुरुवातीपासूनच वेल्चची रीत वापरा, असे अनेक तज्ज्ञ सांगतात. संगणकावरील ‘आर’ या प्रणालीत तीच आपोआप लागू होते. मात्र एकच मूल दोन्ही गटांत असेल तर गट स्वतंत्र राहत नाहीत. तेथे वेगळी रीत लागते.

शिक्षक मित्रहो, विखुरणे हे केवळ चाचणीच्या वाटेतली अडचण नव्हे. तीही एक माहितीच आहे. ५८ ची सरासरी मिरवणाऱ्या त्या अभ्यासिकेत ३० वर अडकलेले मूल आहे. ते का मागे राहिले? घरी बसायला जागा नाही, की शिकवणे फक्त पुढच्या बाकासाठी चालले आहे? सरासरी हे विचारणार नाही, आपणच विचारले पाहिजे. पुढच्या अहवालात प्रत्येक सरासरीशेजारी मुलांची संख्या आणि प्रमाण विचलन छापावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.