विजेचा भाव आणि समूहाची पत



आम्ही बडोद्याहून आलो आहोत, तेव्हा आमच्या तोंडून सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालयांविषयी अथवा संगीतशाळेविषयी चार शब्द ऐकावयास मिळतील, अशी आपल्यापैकी पुष्कळांची अपेक्षा असणार. ते विषय आम्हांसही प्रिय आहेत. परंतु आज बोलावयाचे आहे ते विजेच्या बिलाविषयी. विषय रूक्ष खरा. पण ग्रंथालयाकडे आपण जावे लागते, बिल मात्र दर महिन्यास आपण होऊन दारी येते. (महाराजांनी पेट्या भरभरून ग्रंथालयही गावोगाव दारी पाठविले होते, ही गोष्ट वेगळी!)

एखाद्या पेठेने, यंत्रमागवाल्यांच्या गल्लीने किंवा सहकारी गृहसंस्थेने सूर्याची वीज एकत्र होऊन विकत घ्यावयाचे ठरविले, तर ती स्वस्त पडेल काय आणि भरवशाची मिळेल काय, हा आजचा प्रश्न होय. आज आपल्या गावांतून काय दिसते? एकाच गल्लीतील दहा घरांना दहा विक्रेते दहा भाव सांगतात, आणि प्रत्येक घरमालक आपणच काय तो स्वस्तात सुटलो अशा समाधानात असतो. सूर्यप्रकाश तर सर्वांना सारखाच फुकट आहे. मग भाव निरनिराळे कां?

याचे उत्तर बडोद्यात रेसकोर्सजवळच्या एका कचेरीत सापडते. गुजरात वीज मंडळाचे मुख्यालय बडोद्यास होते. २००५ साली मंडळाचे विभाजन प्रत्यक्षात आले, वितरणाच्या चार कंपन्या झाल्या, आणि त्या चौघींसाठी वीज घाऊक खरेदी करण्याचे काम गुजरात ऊर्जा विकास निगम या एकाच संस्थेकडे राहिले. चार गिऱ्हाइके, पण बाजारात उतरणारा हात एक. या निगमाने डिसेंबर २०२० मध्ये ५०० मेगावॅट सौर विजेचा लिलाव पुकारला, तेव्हा युनिटास १ रुपया ९९ पैसे इतका भाव निघाला. तोवर आपल्या देशात सौर विजेला दोन रुपयांखालचा भाव कधी आलेला नव्हता. पुढे आयात पॅनेलांवरील जकात वाढली व नंतरच्या लिलावांत दर चढले, हे खरे. तसेच हा भाव उत्पादकाच्या दाराशीचा आहे. तारा, गळती, रात्रीची वीज यांचा खर्च मिळविल्यावर घरी येणारे बिल निराळे होते, हेही सांगितले पाहिजे. नाही तर उद्या कोणी आमच्याकडे दोन रुपयांनी वीज मागावयास येईल.

तथापि हा भाव निघाला कशामुळे? गुजरातेत ऊन इतरांहून फार जास्त पडते म्हणून नव्हे. राजस्थानात त्याहून कडक पडते. याचे मर्म सौर विजेच्या खर्चाच्या घडणीत आहे. कोळशावरील केंद्रास रोजचे इंधन रोज घ्यावे लागते. सौर केंद्राचा जवळजवळ सर्व खर्च पहिल्याच दिवशी होतो, तो बहुतांशी कर्जाने भागविला जातो, आणि पुढील पंचवीस वर्षे युनिटांच्या विक्रीतून त्या कर्जाची फेड होते. म्हणजे युनिटाच्या भावात खरोखरी असते काय? पैशाचे व्याज! सावकार एकच प्रश्न विचारतो : ही वीज घेणारा पंचवीस वर्षे, महिन्याच्या महिन्यास, न चुकता पैसे देईल काय? घेणारा मोठा आणि देण्याघेण्यात चोख असेल, तर व्याज उतरते आणि भावही उतरतो. घेणाऱ्याचा भरवसा नसेल तर विक्रेता ती धास्ती भावातच मिळवितो. स्वस्त वीज ऊन पाहून मिळत नाही, पत पाहून मिळते.

पतीचा विषय निघाल्यावर बडोद्याच्या महाराष्ट्रीयांना एक जुनी गोष्ट आठवणे क्रमप्राप्त आहे. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी आणि त्यांच्या स्नेह्यांनी बडोद्यात 'अन्योन्य सहाय्यकारी मंडळी' काढली. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ मध्ये झाला. कायदा नसतानाही या मंडळींनी परस्परांच्या विश्वासावर पैसा उभा केला. नोकरदार गृहस्थ, एकेकटा सावकाराच्या दारी गेला तर भारी व्याज. दहा मिळून एकमेकांस जामीन राहिले तर हलके व्याज. आज विजेचा विक्रेता हा त्या सावकाराच्याच जागी उभा आहे. पुढे त्या मंडळीची बँक झाली आणि शंभरी ओलांडल्यावर ती संकटात सापडली, हेही आम्ही लपवीत नाही. पत मिळविण्यास जेवढी वर्षे लागतात तेवढी ती घालविण्यास लागत नाहीत.

आता विजेचीच उदाहरणे घेऊ. खेडा जिल्ह्यातील ठासरा तालुक्यात धुंडी नावाचे गाव आहे. तेथील सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी नोंदविली, आणि २०१६ पासून पिकास पाणी देऊन उरलेली वीज ते मध्य गुजरात वीज कंपनीस, म्हणजे बडोद्याच्याच कंपनीस, विकू लागले. भाव युनिटास ४ रुपये ६३ पैसे, करार पंचवीस वर्षांचा. यात ते विक्रेते होते, गिऱ्हाईक नव्हते. पण आपल्याला घेण्यासारखा धडा त्यांच्या व्यवस्थेत आहे. कंपनीने सहा निरनिराळे करार केले नाहीत. एक मंडळी, एक मीटर, एक हिशेब. आतली वाटणी मंडळीने आपापल्या मीटरांवरून करावी. त्याच्या मोबदल्यात त्या शेतकऱ्यांनी पंचवीस वर्षे सवलतीच्या दराची शेतीजोडणी मागण्याचा आपला हक्क सोडला. फुकटाकडे पाठ फिरविण्याची ही तयारी आम्हांस त्या पॅनेलांपेक्षा मोलाची वाटते. अर्थात भांडवलाचा मोठा भाग एका आंतरराष्ट्रीय जलसंशोधन संस्थेने दिला होता. तसा पाठीराखा प्रत्येक गावास लाभत नाही.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातले, आणि ते सांगताना आम्हांस दुःख होते. १९६९ च्या सुमारास देशात ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा पहिला प्रयोग झाला तेव्हा पाच ठिकाणे निवडली गेली. त्यांत एक नगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा, एक जुन्या बडोदे संस्थानातील कोडीनार, आणि एक बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी. मुळा-प्रवरा संस्थेने श्रीरामपूर-राहुरीच्या खेड्यांत वीज पोहोचविली, उसाच्या मळ्यांत पंप चालविले. हे ऋण नाकारता येत नाही. परंतु घाऊक वीज घ्यावयाची एका दराने आणि पंपांना द्यावयाची अश्वशक्तीच्या ठोक आकाराने, तीही बव्हंशी मीटर न लावता, हा मेळ बसेना. महावितरणच्या हिशेबाने थकबाकी दोन हजार कोटींच्या वर गेली. संस्थेचा त्या हिशेबाशी वाद होता; पण ३१ जानेवारी २०११ रोजी परवाना संपला आणि ग्राहक महावितरणकडे गेले. चाळीस वर्षांची सभासदांची संस्था अशी हातची गेली. हुक्केरीची संस्था मात्र चालू राहिली. तिच्या कारभाराची स्तुती करण्यास आम्ही येथे आलो नाही, तेथील सभासद तो आमच्याहून अधिक जाणतात. पण वीज आणि सहकार यांचे जमतच नाही असे जे म्हणतील, त्यांना दाखविण्यास ती तुमच्या उंबऱ्याशी आहे.

मग आपल्या गावांनी करावे काय? प्रथम घरगुती बिलाची गोष्ट. २०२३ मध्ये कर्नाटकात गृहज्योती योजना आली आणि आपल्या नेहमीच्या वापराच्या मर्यादेत, महिना २०० युनिटांपर्यंत, घरांना वीज बिनापैशाची झाली. ज्याचे बिल शून्य येते त्याच्यापुढे आम्ही सौर विजेचे व्याख्यान देणे हास्यास्पद होईल. परंतु यंत्रमागास, गिरणीस, ओतशाळेस, दुकानास ती सवलत नाही. गृहसंस्थेच्या पाण्याच्या पंपाचे व जिन्यातील दिव्यांचे बिलही सर्वांनी मिळून भरावयाचेच असते. प्रारंभ तेथून व्हावा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत गृहसंस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये साहाय्य ठेवलेले आहे. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी गच्ची लागते आणि वर्षाकाठी चौदाशे युनिटांच्या आसपास वीज मिळते. यावरून आपापला हिशेब घरबसल्या मांडता येईल.

ज्यांना गच्ची नाही त्यांचे काय? वडगाव-शहापूरच्या मागवाल्यांसारख्यांना गावाबाहेर केंद्र उभारून तारांवरून वीज आणावी लागेल. येथे कायद्यातील एक तरतूद ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २००५ च्या वीज नियमांप्रमाणे स्वतःच्या वापराचे केंद्र म्हणावयास वापरणाऱ्यांची किमान २६ टक्के मालकी लागते आणि वर्षाच्या उत्पादनापैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनी स्वतः वापरावी लागते. इतर भागीदारांना ही वीज ज्याने त्याने आपल्या हिश्श्याच्या प्रमाणात वापरावी लागते आणि एकाचा माग बंद पडला की सर्वांचा हिशेब कोलमडू शकतो; नोंदलेल्या सहकारी संस्थेने मात्र या अटी सर्व सभासदांनी मिळून पुऱ्या केल्या तरी चालते. केंद्र असे 'स्वतःचे' ठरले की वहन आकार द्यावा लागतो, पण क्रॉस-सबसिडीचा अधिभार सुटतो; आणि नफा-तोटा बहुधा त्या अधिभारावरच ठरतो. सहकारी संस्था काढण्याचे कारण केवळ भावनेचे नाही, ते असे रोकडे आहे.

दुसरा मार्ग बाहेरची हरित वीज घेण्याचा. केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी त्यासाठीची किमान मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ते नियम रद्द ठरविले. असे वाद वरच्या पायरीवर जातात व निकाल फिरतात. म्हणून विक्रेता काहीही सांगो, सही करण्याच्या आठवड्यात कायद्याची स्थिती काय आहे ते वकिलाकडून लेखी घ्यावे.

भरवशाविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. गच्चीवर पॅनेले आली की वीज जाण्याची कटकट मिटली, असे लोक समजतात. तसे नाही. तारेवरची वीज गेली की साधा सौर इन्व्हर्टरही त्याच क्षणी बंद पडतो, आणि तसा तो पडावयासच हवा. नाही तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. भर दुपारी ऊन असून माग थांबलेला, असे दृश्य दिसेल. वीज जात असताही काम चालावयाचे तर बॅटरी हवी. गुजरातेतील मोढेरा गाव २०२२ मध्ये चोवीस तास सौर विजेचे म्हणून जाहीर झाले, तेथे घरांवरील पॅनेलांखेरीज ६ मेगावॅटचे केंद्र आणि १५ मेगावॅट-तासांची बॅटरी बसविलेली आहे. खर्च ऐंशी कोटींच्या घरात, आणि तो सरकारचा. आमच्या मते सर्व मागांसाठी बॅटरी घेण्याचा मोह धरू नये; पाण्याचा पंप, दवाखान्यातील शीतकपाट, जिन्यातील दिवे एवढ्यापुरती ती असावी आणि बाकीच्यांनी सरकारी तार सोडू नये.

शेवटी कराराविषयी. निविदा सर्वांची मिळून एकच काढावी. पॅनेले धुण्याचे काम कोणाचे, इन्व्हर्टर बिघडल्यास किती दिवसांत बदलावयाचा, ठरल्याहून युनिटे कमी आली तर भरपाई किती, दरवर्षी भाव वाढणार असल्यास किती, आणि एखाद्या सभासदाने घर विकले तर त्याचा हिस्सा कोणाकडे जावयाचा, ही कलमे कोऱ्या जागा ठेवून सही करण्याची नव्हेत. संस्थेने प्रत्येक सभासदाकडून दोन महिन्यांच्या बिलाइतकी अनामत प्रारंभीच घ्यावी. विक्रेत्यास ती दाखविली की भावाची बोलणी निराळ्या सुरात होतात. थकविणाऱ्यास किती दिवसांनी तोडावयाचे हे पोटनियमांत आधीच लिहावे, कारण थकविणारा पहिला गृहस्थ बहुधा संचालकांचाच आप्त निघतो. आणि येथे बिल कन्नडमध्ये व करारनामा इंग्रजीत येणार असल्यामुळे, त्याचा मराठी तर्जुमा सर्वसाधारण सभेत आरंभापासून अखेरपर्यंत वाचून दाखविल्याखेरीज अध्यक्षांस सहीचा अधिकार देऊ नये. वाचनास दोन तास लागतील. करार पंचवीस वर्षांचा आहे.