ज्यांना समाधी नाही



नंदुरबारकरांना हौतात्म्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती जेथे गोळ्यांना बळी पडले, तेथे आपण आजही मस्तक नमवतो. दुःखालाही टेकायला जागा लागते.

इंग्लंडमध्ये रनीमीड येथे १९५३ साली उभारलेल्या स्मारकावर दुसऱ्या महायुद्धातील वीस हजारांहून अधिक वायुसैनिकांची नावे कोरली आहेत. त्यांपैकी एकाचीही कबर ज्ञात नाही.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांची कथा याहून कठीण. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटवरील हल्ल्यात त्यांचे सुखोई-७ विमान पडले. पुढे पकडलेल्या वैमानिकांत ‘टॉम्बे’ असे नाव पाकिस्तानी वृत्तपत्राने छापले. पाकिस्तान सरकारने मात्र कानावर हात ठेवले. पत्नी दमयंतीताई राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. विवाहाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. २००७ साली बेपत्तांचे नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग धुंडाळून आले, त्यांत त्याही होत्या. हाती काही लागले नाही. असे चोपन्न जण!

२०१९ साली दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक झाले, याचा आनंदच आहे. परंतु बेपत्ताचे नाव शिळेवर कोरणे म्हणजे त्याच्या मृत्यूवर शिक्कामोर्तब करणे. तो अधिकार शासनाला शोध पुरा केल्यावरच मिळतो. आधी या चोपन्न जणांची सारी कागदपत्रे कुटुंबीयांपुढे खुली करावीत. छिन्नी मागाहून हाती घ्यावी.